जिन्यातल्या कपाटाचा खटला

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काम स्वतः करून सहीसाठी दुसऱ्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या समस्त बंधुभगिनींनो, म्हणजे तू आणि मी. भाषणाला उभं राहिलं की समोर कोण बसलंय ते आधी म्हणावं आणि त्यांचं कुठे दुखतंय त्यावर लगेच बोट ठेवावं, हे तूच शिकवलंस. आपलं दुखणं एकच आहे. काम खालच्याने करायचं, सही वरच्याने करायची, आणि चूक निघाली की सही कुणाची हे सोडून काम कुणाचं ते शोधायचं. तू टेलिफोन खात्यात हेडफोन उतरवून, गेटवर स्टुलावर चढून हे जन्मभर ओरडून सांगितलंस. मी आमच्या वकिली फर्ममध्ये अजून खुर्चीवरून तोंड उघडलेलं नाही, कारण मी कच्ची आहे. मार्चमध्ये वर्ष भरेल, मग साहेब मला कायम करतील, आणि आमच्याकडे कायम झालेल्या वकिलालाच कोर्टात उभं राहून बोलता येतं. आजवर न्यायाधीशांपुढे मी एकच वाक्य बोलले आहे, की आमचे साहेब येताहेत. तेही खोटं निघालं.

साहेबांना आम्ही तूर्तसाहेब म्हणतो. पंखा बंद पडला, तूर्त खिडकी उघडा. टाइप करणारी बाई सोडून गेली, तूर्त तुम्हीच टाइप करा. माणूस वाईट नाही, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना नेमका फोन येतो. कारभार मार्गी लागावा म्हणून त्यांनी एक व्यवस्थापक आणलेत. ते आधी बिस्किटांच्या कारखान्यात होते, म्हणून ते बिस्किटसाहेब. नोटीस आणि बिस्किट यांत फरक आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. भिंतीवर एक मोठा फळा लावलाय. कुणाच्या टेबलावरून किती नोटिसा बाहेर पडल्या, ते रोज संध्याकाळी त्यावर लिहितात. दुसरा नियम गुप्ततेचा. दालनात अशिलाचं नाव घ्यायचं नाही, प्रकरण काय ते बोलायचं नाही, फक्त नंबर म्हणायचा. बाहेरून आलेलं पत्रसुद्धा आम्हाला मूळ मिळत नाही. तळमजल्यावर ते उघडतात, नावं-पत्ते गाळून नुसता मजकूर टाइप करतात, डोक्यावर ‘समोरचा पक्ष’ असं लिहितात आणि मग चौथ्या मजल्यावर आमच्याकडे पाठवतात. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि किती दळलं याचा फळा आहे.

त्यातच गेल्या महिन्यात साहेबांनी बाजारातलं एक जुनं, छोटं वकिली ऑफिस गिळलं. विलीन केलं, असं म्हणायचं असतं. तिथले वकील टेबलं-खुर्च्यांसह आमच्या दालनात आले. त्यातले एक माझ्या पाठीला पाठ लावून बसतात. त्यांच्या डोक्यावरच थंड हवेची जाळी आहे, म्हणून गळ्यात कायम मफलर. मी त्यांना मफलरकाका म्हणते. माझी खुर्ची मागे सरकली की त्यांचं अक्षर बिघडतं, तरी रागवत नाहीत.

माझं प्रकरण तुला सांगायला हरकत नाही, तू काही दालनात बसत नाहीस. दोन बहिणी, एक घर. थोरली वर राहते, धाकटी खाली. धाकटीने जिन्यात एक कपाट ठेवलंय. थोरलीचे गुडघे गेलेत आणि तिला भिंतीला पाठ घासत, तिरपं होऊन चढावं लागतं. एवढंच. पण यावर ऑक्टोबरपासून नोटिसा चालल्या आहेत. मी थोरलीची वकील. समोरचा वकील महाबिलंदर आहे. त्याच्या जिव्हारी लागेल असं एखादं वाक्य पाठव.

बाबा बरे आहेत. मी मार्चमध्ये कोर्टात घालायचा काळा कोट त्यांनी आत्ताच इस्त्री करून ठेवलाय.

कळावे. लोभ आहेच, तो उत्तराच्या लांबीवरून दिसू दे.

तुझी,
वकीलबाई


ता. १४ जानेवारी

चि. वकीलबाईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, नेहमीच्या आवाजात.

पत्र वाचून पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचताना चहा उतू गेला, इतका राग आला. बिस्किटं मोजतात, कारण एक बिस्किट दुसऱ्यासारखंच असतं आणि खाल्लं की संपतं. नोटीस संपत नाही. ती गेली की तिकडून दुसरी येते. भांडण किती वाढलं यावरून कारभार किती सुधारला हे मोजणारा माणूस तुमच्या डोक्यावर बसवलाय, आणि त्याचा पगार निघतोय कुणाच्या खिशातून, तर त्या भांडणाऱ्यांच्याच. आमच्या खात्यात असेच एक साहेब होते. प्रत्येकीने किती फोन जोडले ते मोजायचे. मग मुली मुद्दाम चुकीचा नंबर जोडायच्या, कारण माणूस पुन्हा फोन करतोच. आकडा दुप्पट झाला. साहेबांना बढती मिळाली, गावातल्या निम्म्या लोकांची आपसांत भांडणं लागली, आणि मी स्टूल मागवलं.

एक अडाणी प्रश्न विचारते. ते कपाट उचलून कुणी बाजूला का ठेवत नाही? मी कायदा शिकलेली नाही, म्हणून विचारते.

वाक्य मागितलंस. जुनी वाक्यं मी पुन्हा वापरत नाही, ती ज्या साहेबांसाठी केली होती त्यांच्याबरोबर निवृत्त झाली. आज सकाळी भांडी घासताना तुझ्यासाठी हे ताजं केलंय: ‘आपल्या अशिलाची स्मरणशक्ती मांजरासारखी आहे, ऊब असेल तिथेच बसते.’ जपून वापर. मांजर पाळलेल्या न्यायाधीशापुढे वापरू नकोस.

तुझ्या बाबाला, माझ्या धाकट्याला म्हणावं, कोट फार इस्त्री करू नको. कापडाला चकाकी येते आणि वकील वाढप्यासारखा दिसतो.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, खाली पुन्हा देते. तुमच्याकडे आकड्याला किंमत आहे.

तुझी,
आत्या


ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण नोटिसा पाडत होते. आधी बातमी. फळ्यावर मी दुसरी आले. पहिले मफलरकाका. बिस्किटसाहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि सांगितलं, की ही जोडी बघा, पाठीला पाठ लावून काम कसं करावं ते यांच्याकडून शिका. मग आम्हाला एकेक बिस्किटाचा पुडा दिला. त्यांच्या जुन्या कारखान्याचा होता आणि मऊ पडला होता.

मफलरकाकांचंही माझ्यासारखं एकच प्रकरण तेजीत आहे. नियमामुळे ते काय आहे हे बोलता येत नाही, पण समोरच्या वकिलाला शिव्या घालायला नियमाची आडकाठी नाही. त्यांच्या मते त्यांच्या समोर कुणीतरी तोंडाळ पोरगी असावी, कारण इतकं खोचक लिहायला वयाची साथ लागते. मी म्हटलं, माझ्या समोरचा मात्र नक्की खवट म्हातारा आहे. ते म्हणाले, खवट म्हाताऱ्यांना अजिबात सोडू नये, ते डोक्यावर बसतात. दुपारच्या चहाला आम्ही एकमेकांची वाक्यं तासून देतो. खरंच मोठा आधार आहे त्यांचा.

तुझं मांजराचं वाक्य मी घातलं होतं, पण तूर्तसाहेबांनी ते न वाचता खोडलं. एक तरी ओळ खोडल्याशिवाय आपण सही केली असं त्यांना वाटत नाही. वाया जाऊ नये म्हणून मी ते मफलरकाकांना देऊन टाकलं. आणि आता गंमत ऐक. परवा तळमजल्यावरून समोरच्या पक्षाचं उत्तर आलं आणि त्यात माझ्याच अशिलाला उद्देशून शब्दन् शब्द तेच वाक्य. मांजर, ऊब, सगळं. आत्या, खरं सांग, हे तू किती गेटांवर म्हटलं होतंस? तुझी भाषणं वकिलांच्या आख्ख्या पिढीत मुरलेली दिसतात.

पण त्या उत्तरात आणखीही काही होतं. माझ्या अशील, वरच्या बाई, सोमवारी आल्या होत्या आणि ते मला त्यांना वाचून दाखवावं लागलं. मांजर त्यांनी हाताने झटकून टाकलं. पुढे असं होतं, की आईच्या शेवटच्या आजारात थोरलीने खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून ठेवली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, की असं ती म्हणाली का. मी म्हटलं, लिहिलंय खरं. मग त्या म्हणाल्या, की जिन्याचं राहू दे आता, यापुढे बोलायचंच नाही तिच्याशी. मला फार राग आला. शिवाय आठवड्याचा आकडाही भरायचा होता. म्हणून उत्तरात मीही लिहिलं, की धाकटी आईच्या आजारपणात फिरकलीच नाही. बाई खरं तर म्हणाल्या होत्या, की ती तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती, आणि पुढेही काही.

खटला आता कोर्टात दाखल झालाय. पहिली तारीख २० मार्च. तूर्तसाहेब म्हणाले, की तोवर मला कायम करतील आणि तूर्त तरी हा खटला मीच उभी राहून चालवायचा. मी. उभी राहून. बाबांनी इमारतीत प्रत्येक दारावर टकटक करून सांगितलंय. त्या दिवशी ते मागच्या बाकावर बसणार आहेत.

इथेच थांबते. माया होती तेवढीच ठेव, वाढवलीस तर इथे कुणीतरी फळ्यावर लिहील.

तुझी,
वकीलबाई


ता. १७ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
अनेक आशीर्वाद.

लांबण लावत नाही. ते मांजराचं वाक्य मी कुठल्याही गेटवर म्हटलेलं नाही. ते त्या सकाळी मोरीत जन्माला आलं आणि पाकिटात घालून थेट तुझ्याकडे गेलं. जगात ते चौघांच्याच हाती पडलं: मी, तू, न वाचणारे तूर्तसाहेब आणि तुझे मफलरकाका. चोरायची झाली तरी वस्तू आधी दिसावी लागते.

समोरचा वकील शोधायला समोर काय बघतेस? खुर्चीसकट मागे वळ.

आणि वळलीस की हसून घे, मीही पोट धरून हसले आहे. पण हसून झालं, की त्या दोघींच्या आईच्या किल्लीचा विचार कर.

उत्तराची वाट बघते. नेहमीचा धीर नाही, तेव्हा लवकर.

तुझी,
आत्या


ता. २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुरुवारी तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि वळले. नियम मोडला आणि विचारलं, की काका, तुमची बाई वर राहते का खाली. त्यांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग मफलर तोंडावर ओढून म्हणाले, खाली. मी म्हटलं, माझी वर. मग ते हसायला लागले. मफलर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं. मला म्हणाले, म्हणजे ती तोंडाळ पोरगी तू. मी म्हटलं, आणि तो खवट म्हातारा तुम्ही.

झालंय ते असं. धाकटी बहीण मुळात बाजारातल्या त्या छोट्या ऑफिसकडे गेली होती. तेव्हा सगळं रीतसर होतं, त्यांची फर्म वेगळी, आमची वेगळी. मग आमच्या साहेबांनी ते ऑफिस गिळलं, आणि पोटात काय काय गेलं ते तपासलंच नाही. बिस्किटसाहेबांनी हुकूम काढला, की जुने छापील कागद संपेपर्यंत तेच वापरा, म्हणून बहिणींनाही पत्ता लागला नाही. माझी नोटीस चौथ्या मजल्यावरून निघते, तळमजल्यावर पाकिटावर पत्ता पडतो, टपालाने बाजारातल्या जुन्या पत्त्यावर जाते, तिथून पोस्ट ती आमच्याच तळमजल्यावर परत पाठवतं, तिथे नावं गाळून टाइप होते आणि पुन्हा चौथ्या मजल्यावर येते. सगळं मिळून वीतभर अंतर कापायला.

हसता हसता काका एकदम थांबले. म्हणाले, ती किल्लीची ओळ माझी. माझ्या बाई वेगळंच म्हणाल्या होत्या, मी त्यातला अर्धा भाग घेतला. मी म्हटलं, न फिरकल्याची ओळ माझी, मीही अर्धाच घेतला. नंतर कुणाला डबा गेला नाही.

त्याच दुपारी बिस्किटसाहेबांचं नवं वेळापत्रक लागू झालं. कारखान्यात म्हणे एका जातीचा माल एकाच खेपेला काढतात, म्हणून गुरुवारी दुपारी फक्त जिने, भिंती आणि गच्च्या. त्यामुळे दोघी बहिणींना एकाच वेळी बोलावणं गेलं. बाहेरच्या खोलीत त्या एका सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. आपल्या वकिलाला फितवायलाच ही इथे आलीय, अशी दोघींची खात्री होती. मी दारातून बघत होते. थोरलीने गुडघा चोळला, तर धाकटीने तिच्याकडे न बघता पायाने समोरचं बुटकं टेबल तिच्या बाजूला सरकवलं. थोरलीने त्यावर पाय ठेवला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारलं, की जेवणं झाली का. धाकटीने त्याच कॅलेंडरला सांगितलं, की नाही. आत्या, माझ्या आख्ख्या फायलीत हे कुठेच नाही.

एका फर्मने एकाच भांडणात दोन्ही बाजू लढवायच्या नाहीत, हे आमच्या धंद्याचं पहिलं पान. कळलं त्या क्षणी दोघींना सांगायचं आणि दोन्ही कामं सोडायची. आम्ही तूर्तसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तूर्त कुणाला बोलू नका. शुक्रवारी त्यांनी आम्हाला बोलावून एक कागद पुढे ठेवला. त्यात लिहिलंय, की एकच फर्म दोघींचं काम बघते हे डिसेंबरातच त्यांना समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी संमती दिली होती. तारीखही डिसेंबरचीच. इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून बहिणींच्या सह्या घेणार. आणि खाली साक्षीदार म्हणून, आमच्यासमक्ष समजावलं असं लिहून, माझी आणि काकांची सही. ती ५ मार्चच्या आत हवी. त्या कागदाशेजारीच त्यांनी दुसरा ठेवला. मला कायम केल्याचा हुकूम, टाइप झालेला, सहीविना. मग दोन्ही कागद एका रेषेत नीट केले.

बाबांना सगळं सांगितलं. तेव्हापासून ते कोटाची बटणं तपासताहेत.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी लिही. तुझ्या शब्दांत ऐकलं की बरं वाटेल.

तुझी,
वकीलबाई


ता. २५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

मी तुला कधी काही मागितलं नाही, आता मागतो. पोरीला काही लिहू नकोस. तू लिहिलंस की ती पेटते. तुझ्या भाषणांनी तुला टाळ्या मिळाल्या हे मी नाकारत नाही, पण टाळ्यांनंतर तुझ्या ज्या बदल्या झाल्या, त्यांच्या ट्रंका प्रत्येक वेळी मी बांधल्या आहेत. मी पाणीपुरवठा कचेरीत आयुष्य काढलं. पुढे आलेल्या कागदावर सही केली आणि सुखाने घरी आलो. जगात सगळेच स्टुलावर चढले तर स्टूल धरायचं कुणी?

एक सही. त्यावर तिची नोकरी कायम होते आणि ती कोर्टात उभी राहते. मी शेजाऱ्यांना सांगून बसलोय. ते जाऊ दे. पण लहानपणी तू भाषण करायचीस तेव्हा ती तुझ्याबरोबर नुसते ओठ हलवायची, ते मी पाहिलंय. तिचा आवाज एकदा मागच्या बाकावरून ऐकायचा आहे मला.

फार झालं. लिहायचंच असेल तर अर्ध्या आवाजात लिही. रागावू नये, आणि रागावलीस तर थोडक्यात आटोपावं, ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. २८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझा कान माझ्या हातापासून दूर आहे, नाहीतर धरला असता.

माझा आवाज अर्धा केला तरी तुझ्या पूर्ण आवाजाच्या दुप्पट भरतो, याला मी काय करू? ट्रंका तू बांधल्यास हे खरं, आणि प्रत्येक वेळी कंगवा विसरलास हेही खरं.

पण बाबा रे, तू सही करायचास ती पाणी सोडलं की नाही याची. पाणी सुटलेलं असायचं. तिला सही करायची आहे साक्षीदार म्हणून. साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. डिसेंबरात तिने काय पाहिलं? भिंतीवरचा फळा. उद्या त्या दोघी बहिणी कोर्टात विचारतील, की आम्हाला कुणी कधी समजावलं, तेव्हा तुझी मुलगी उभी राहून बोलेल ते पहिलं वाक्य कुठलं असेल? तू मागच्या बाकावर असशील. ते ऐकायला जायचंय का तुला?

हे मी तुला लिहिते आहे. तिला लिहिणार नाही. तू मागितलंस, मी दिलं. मी माणसांना दिलेला शब्द मोडत नाही, साहेबांना दिलेलाच मोडते.

जेवत जा वेळेवर. माया आहे, ती आरडाओरड्याखाली दबलेली असते इतकंच.

तुझी,
अक्का


ता. २८ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना शब्द दिलाय, म्हणून काही लिहीत नाही.

तुझी,
आत्या


ता. ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं कोरं पत्र मिळालं. इतकं मोठ्या आवाजातलं पत्र मी आजवर वाचलेलं नाही. ते बाबांनीच मला आणून दिलं, आणि तू त्यांना लिहिलेलंही सोबत दिलं. मग म्हणाले, की अक्काला सांग, कंगवा एकदाच विसरलो होतो.

काल साहेबांकडे गेले आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तूर्त विचार करा. मी म्हटलं, केला. त्यांनी फोनकडे पाहिलं. फोन आला नाही. कायम केल्याचा हुकूम त्यांनी उचलला, दोनदा घडी घातली आणि खणात टाकला.

मफलरकाकांना मी म्हटलं होतं, की तुम्ही यात पडू नका, तुमच्या दोन मुली शाळेत आहेत. त्यांनी मान हलवली. मग मी त्या दोघी बहिणींना लिहिलेलं पत्र माझ्या हातातून घेतलं, थंड हवेच्या जाळीखाली उभं राहून दोनदा वाचलं, माझं एक विशेषण कापलं आणि सही केली. तुझी सही मोठी आणि माझी लहान आली तर चालेल ना, असं त्यांनी विचारलं. आत्या, मी हो म्हणाले.

आता माझी नोकरी आहे की गेली, हे कुणालाच ठाऊक नाही. काढून टाकायच्या कागदावर दोन विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, आणि त्यातली दुसरी ज्यांची, त्या गिळलेल्या ऑफिसच्या साहेबांना अजून विभागच मिळालेला नाही. त्यामुळे मी येते, बसते, जाते. फळ्यावरून माझं नाव पुसलंय, आणि मफलरकाकांचा आकडाही होता तिथेच अडलाय, कारण त्यांनी नोटीस लिहिणंच थांबवलंय. महिनाअखेर मी स्वतःच निघेन. वकिलीची सनद माझ्या नावावर आहे. ती काही साहेबांच्या खणात नाही.

२० तारखेला मी उभी राहणार नाही, हे बाबांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. त्यांनी कोट उचलून पुन्हा खुंटीला लावला आणि विचारलं, बरं, मग पुढची तारीख?

बहिणींच्या पत्राची नक्कल सोबत ठेवते. ते मी ऑफिसच्या टपालात टाकलं नाही, नाहीतर आमच्याच तळमजल्यावर परत आलं असतं. कोपऱ्यावरच्या पेटीत हाताने टाकलं. चुका दिसल्या तर सांगू नकोस, गेलं ते गेलं.

लोभ असू दे, आणि तो ऐकू येईल इतका असू दे.

तुझी,
वकीलबाई


सोबतची नक्कल

ता. ५ मार्च

वरच्या बाई आणि खालच्या बाई, दोघींस,
स. न. वि. वि.

तुमचं भांडण तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त कळतं, असं सांगून ज्यांना गप्प बसवलं, त्या तुम्ही दोघी. तुमची तक्रार आता एकमेकींविरुद्ध नसून आमच्याविरुद्ध आहे, आणि ती खरी आहे.

डिसेंबरापासून तुम्हा दोघींचे वकील एकाच फर्ममध्ये, एकाच दालनात, पाठीला पाठ लावून बसत आहेत. हे आम्हाला गेल्या पंधरवड्यात कळलं. तुम्हाला ते तेव्हाच कळायला हवं होतं. डिसेंबरात समजावून सांगितल्याचा कागद कुणी तुमच्यापुढे ठेवला, तर एवढं ध्यानात असू द्या, की तेव्हा आम्ही असं काहीही समजावलेलं नव्हतं. आजपासून आम्ही दोघंही तुमचं काम सोडत आहोत. तुमचे कागद तुम्हाला परत मिळतील. खटला पुढे चालवायचा तर वेगवेगळ्या फर्मचे वकील करा.

आता नोटिसांमधल्या वाक्यांबद्दल. वरच्या बाई, तुम्ही किल्ली कमरेला लावून ठेवलीत, असं तुमच्या बहीण म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, की किल्ली थोरलीकडे असायची, कारण रात्री आईसाठी उठायची ती तीच. खालच्या बाई, तुम्ही आजारपणात फिरकला नाहीत, असं तुमच्या बहीण म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, की धाकटी दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि तिने पाठवलेल्या औषधांवर आई तगली. दोन्ही वाक्यं आम्ही मधोमध कापली, धारदार अर्धा भाग पाठवला आणि उरलेला फायलीत ठेवला. तो आज परत करत आहोत. मांजराचं वाक्य तुम्हा दोघींचंही नाही. ते एका वकिलाच्या आत्याचं आहे, आणि त्या तुम्हाला ओळखतही नाहीत.

दोघींना मिळून हे एकच पत्र आहे. पोस्टमन तुमच्याकडचं टपाल खालीच देतो, तेव्हा शेवटचं सांगणं खालच्या बाईंना. तुमच्या बहिणीचे गुडघे तिला खाली येऊ देणार नाहीत. म्हणून तुम्ही उठा, कपाटाच्या बाजूने वाट काढा, वर जा आणि हे पत्र तिच्या हातात द्या.

आपले माजी वकील,
दोघेही